सातला धक्का, सहाला भोंगा

जहाजाच्या माहितीपत्रकात ‘रोम’ असं छापलेलं असतं. सकाळी डोळे चोळत डेकवर यावं, तर समोर चिव्हितावेक्किया नावाचं बंदर. रोम तिथून ७० किलोमीटरवर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो आणि पुढे ९० किलोमीटर रस्ता. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, पॅरिसपासून सुमारे २०० किलोमीटर. ‘बँकॉक’ म्हणजे लाएम चाबांग, तिथून शहर गाठायला दीड-दोन तास. क्रूझ कंपन्या खोटं बोलत नाहीत. बंदराचं खरं नावही त्या छापतात, फक्त बारीक अक्षरांत. आणि दादरच्या ऑफिसात बसून हप्ता भरताना बारीक अक्षरं कोण वाचतं?

क्रूझ आता मराठी घरांना नवी राहिलेली नाही. २०२१पासून मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे निघणाऱ्या कॉर्डेलियाच्या जहाजाने अनेकांची भीड मोडली. एकदा ती चव लागली की पुढची पायरी भूमध्य समुद्र : बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, नेपल्स, सिसिलीतलं एखादं बंदर, सात रात्री. बॅगा एकदाच उघडायच्या, हॉटेल बदलायचं नाही, जेवण हाताशी. आई-वडिलांना युरोप दाखवायचा तर याहून सोयीचं काही नाही, हे मीही मान्य करतो. अडचण एवढीच की रोज सकाळी नवं शहर समोर उभं असतं आणि त्या शहराच्या वाट्याला एकच दिवस येतो. तोही अपुरा. सातला जहाज धक्क्याला लागलं, तरी बंदराची परवानगी, उतरण्याची रांग यात आठ वाजतात. सहाला सुटणार असेल, तर साडेपाचला सगळ्यांनी आत असलं पाहिजे. काही जहाजं त्याहून लवकर बोलावतात. कागदावरच्या अकरा तासांतले फार तर साडेनऊ उरतात. त्यातून जाण्यायेण्याचा वेळ वजा केला की रोमच्या प्रवाशाच्या हातात जेमतेम पाच तास राहतात. पाच तासांत रोम! कोलोसियमच्या बाहेर फोटो, नाणं टाकायला त्रेव्हीचं कारंजं, आणि बसमध्ये डुलकी.

नेपल्सचं तसं नाही. इथे जहाज शहराच्या पोटातच येऊन उभं राहतं. ‘स्ताझिओने मारित्तिमा’ ही १९३०च्या दशकातली भारदस्त इमारत म्हणजे क्रूझचं टर्मिनल. दारातून बाहेर पडलं की समोर तेराव्या शतकातला कास्तेल नुओव्हो हा किल्ला, त्याच्या पायथ्याशी मुनिचिपिओ चौक आणि चौकाखाली मेट्रोचं स्टेशन. हे स्टेशन खणताना २००४च्या सुमारास रोमन काळातली जहाजं चिखलात रुतलेली सापडली, कारण जुनं बंदर इथेच होतं. म्हणून एक दिवसाच्या मुक्कामाचं गणित कसं मांडावं हे सांगायला मी नेपल्स निवडलं आहे. इथे वेळ वाया घालवायचा झाला तर तो आपणच घालवतो, अंतर नव्हे.

नेपल्सच्या आदल्या रात्री जेवणाच्या टेबलांवर जी चर्चा चालते ती ऐकण्यासारखी असते. एका काकांना काप्री बेट हवं असतं, कारण धाकट्या भावाने पाहिलेलं आहे. एका वहिनींना आमाल्फीचा किनारा हवा, कारण तो रीलमध्ये दिसतो. मुलांना व्हेसुव्हियसच्या तोंडाशी जायचं असतं. कुणीतरी हलक्या आवाजात पॉम्पेई म्हणतं. आणि मग शेवटी एक उत्साही गृहस्थ ‘सगळंच करू की, लवकर निघू’ असा तोडगा काढतात. हा तोडगा निघाला की तो दिवस गेला म्हणून समजावं.

एकेक करून पाहू. काप्रीच्या वेगवान बोटी क्रूझ टर्मिनलच्या शेजारच्याच बेव्हेरेल्लो धक्क्यावरून सुटतात आणि तासाभराच्या आत पोचवतात. मोह पडावा असंच आहे. पण वारा उठला की या बोटी रद्द होतात, आणि बेटावर अडकलेल्या प्रवाशाला परतीचा दुसरा रस्ता नसतो. आमाल्फीचा रस्ता कड्याला चिकटून जाणारा आणि अरुंद. उन्हाळ्यात तिथे एक बस दुसरीसमोर आली की दोघी बराच वेळ एकमेकींकडे बघत उभ्या राहतात. व्हेसुव्हियसवर गाडी वरपर्यंत जात नाही, शेवटचा चढ पायीच चढावा लागतो, तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं. १९४४नंतर हा ज्वालामुखी शांत आहे, त्यामुळे वर पाहायला मुख्यतः एक मोठा खड्डा आणि खाली पसरलेला उपसागर. तो उपसागर जहाजाच्या डेकवरूनही दिसतो. माझं मत विचाराल तर तिन्हींवर काट मारा.

उरलं पॉम्पेई. तिथे जावंच. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि हे गाव राखेखाली आणि सच्छिद्र दगडांच्या थरांखाली गेलं. खोदकाम १७४८मध्ये सुरू झालं, ते अजून संपलेलं नाही. तटबंदीच्या आतल्या सुमारे ६६ हेक्टरांपैकी एक तृतीयांश भाग आजही जमिनीखाली आहे. १८६३मध्ये जुझेप्पे फिओरेल्ली यांनी राखेतल्या पोकळ्यांमध्ये प्लास्टर ओतून मृतांचे आकार बाहेर काढले. ते पाहताना बडबड्या ग्रुपही गप्प होतो. रस्त्यावर बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत, पलीकडे जायला उंच दगड आहेत, नाक्यानाक्यावर पाण्याची कुंडं आहेत. २०२३मध्ये बऱ्याच वर्षांनी पुन्हा उघडलेलं वेत्ती बंधूंचं घर तर चुकवू नयेच. गुलामगिरीतून सुटून धनवान झालेल्या दोघांनी भिंतींवर किती पैसा ओतला होता ते तिथे दिसतं.

पण पॉम्पेई पाहून परतलेले बरेच जण थोडे हिरमुसलेले असतात. ‘नुसत्या भिंतीच की हो,’ म्हणतात. त्यांचं चुकत नाही. पॉम्पेईतलं जे उचलता येण्यासारखं होतं, म्हणजे उत्तम भित्तिचित्रं, मोझेक, भांडी, दागिने, मूर्ती, ते बहुतेक सगळं नेपल्स शहरातल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. गाव एकीकडे आणि गावातलं सामान दुसरीकडे. दोन्ही एका दिवसात पाहिल्याशिवाय पॉम्पेई पाहिलं असं म्हणता येत नाही. आणि या संग्रहालयात एक वस्तू अशी आहे की तिच्यासाठी मराठी माणसाने तरी वाट वाकडी करायलाच हवी.

१९३८ साली अमेदेओ मैउरी हे पुरातत्त्वज्ञ पॉम्पेईच्या ‘व्हिया देल्लाब्बोन्दान्त्सा’ या मुख्य बाजाररस्त्यावरचं एक घर उकरत होते. तिथे वीतभराहून थोडी उंच, साधारण २४ सेंटिमीटरची हस्तिदंती बाई सापडली. गळ्यात भरगच्च हार, मनगटापासून वरपर्यंत बांगड्या, कमरेला मेखला, पायांत जाड वाळे, बाकी वस्त्र जवळजवळ नाही. दोन्ही बाजूंना प्रसाधनाचं सामान धरलेल्या दोन बुटक्या दासी. डोक्यातून आरपार भोक. म्हणजे ती स्वतंत्र मूर्ती नसावी, आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी. मूर्ती भारतीय आहे यावर कुणाचं दुमत नाही. सापडल्यावर तिला लक्ष्मी ठरवलं गेलं आणि ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे नाव चिकटलं. आज बहुतेक अभ्यासक तिला यक्षी म्हणतात.

ती भारतात कुठे घडली, हा वाद मात्र रंगलेला आहे. सुरुवातीला मथुरेचं नाव घेतलं गेलं. मग १९७०च्या दशकात जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात जवळजवळ तशाच घडणीची, दासींसह उभी असलेली भग्न हस्तिदंती मूर्ती मिळाली. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, सातवाहनकाळातलं नांदतं गाव. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयातही याच कुळातली हस्तिदंती स्त्री आहे. तेर म्हटलं की आपल्याला गोरोबाकाका आठवतात. ग्रीक व्यापाऱ्यांना ते ‘तगर’ म्हणून माहीत होतं. दुसऱ्या बाजूला, पॉम्पेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर कोरलेलं आहे, आणि खरोष्ठी ही वायव्य सरहद्दीकडची लिपी. अफगाणिस्तानातल्या बेग्रामच्या हस्तिदंती कामाशीही तिचं साम्य दाखवलं जातं. मी भोकरदनच्या बाजूचा आहे. यात थोडा गाववाल्यांचा पक्षपात आहे, पण पुरावाही अगदीच लेचापेचा नाही.

मराठवाड्यातून निघाली असेल, तर ती कशी गेली असेल, याचा नकाशा आपल्याकडे जवळजवळ तयार आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या व्यापाऱ्यांच्या सागरी वाटाड्यात लिहिलं आहे की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तिथला माल बैलगाड्यांतून, बिनवाटेच्या मोठ्या मुलखातून भडोचला येतो. कल्याण, सोपारा, चौल हीही नावं त्या ग्रंथात आहेत. पुढे पावसाळी वारे धरून इजिप्तची तांबड्या समुद्रातली बंदरं, तिथून उंटांवरून नाईल, नाईलमधून अलेक्झांड्रिया, आणि अलेक्झांड्रियाची मोठी जहाजं थेट नेपल्सच्या उपसागरात, पुतेओली बंदरात. आजचं पोझ्झुओली ते हेच, नेपल्सच्या पश्चिमेला. परतीच्या मालातलंही काही आपल्याकडे उरलं आहे : कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात पाहता येते.

या व्यापारावर सगळ्यात जास्त चिडलेला रोमन म्हणजे थोरला प्लिनी. भारत दरवर्षी साम्राज्याचे किमान ५ कोटी सेस्टर्स गिळतो आणि त्या बदल्यात येणारा माल इथे शंभरपट किमतीला विकला जातो, असं त्याने आपल्या ज्ञानकोशात लिहून ठेवलं. हाच प्लिनी इसवी सन ७९मध्ये याच उपसागराच्या मिसेनम तळावर आरमाराचा प्रमुख होता. ज्वालामुखी फुटल्यावर तो जहाजं घेऊन लोकांना सोडवायला निघाला आणि पॉम्पेईजवळ स्टॅबिएच्या किनाऱ्यावर मेला. हे आपल्याला त्याच्या भाच्याने टॅसिटसला लिहिलेल्या पत्रातून कळतं. ज्या चैनीवर त्याने बोटं मोडली, त्यातलाच एक नमुना तेव्हा तिथून काही किलोमीटरवर राखेखाली जात होता.

आता दिवस आखू. आखणी नेहमी संध्याकाळपासून मागे करावी, सकाळपासून पुढे नव्हे. साडेपाचला आत यायचं, तर साडेचारला मुनिचिपिओ चौकात हजर. म्हणजे पावणेचारच्या सुमारास संग्रहालयातून बाहेर. तिथे दीड तास हवा, म्हणजे सव्वादोनला आत. पॉम्पेईहून निघायचं एकला. आणि तिथे शिरायचं दरवाजे उघडताच, सकाळी नऊला. बसलं! मध्ये जेवायला अर्धा तास सापडतो, तोही पिझ्झा उभ्याने खाल्ला तर.

जहाजातून उतरलं की मेट्रोची लाइन १, मुनिचिपिओहून गारिबाल्दी, तीन स्टेशनं. गारिबाल्दीच्या तळघरातून ‘चिर्कुमवेझुव्हियाना’ ही लोकल सुटते. सोरेन्तोची गाडी धरायची आणि ‘पॉम्पेई स्काव्ही–व्हिल्ला देई मिस्तेरी’ला उतरायचं, पाऊण तासाच्या आत. पॉम्पेई नावाची आणखी स्टेशनं आहेत, ती नव्या गावातली. तिथे उतरलात तर वीस मिनिटं गेली. गाडी जुनी, रंगवलेली, खच्चून भरलेली असते. विरार लोकलवर वाढलेल्या माणसाला तिचं काही वाटत नाही, फक्त खिसे सांभाळायचे. इटलीत रेल्वेचे संप होतात, पण ते आधी जाहीर करून होतात. प्रवासाच्या आठवड्यात एकदा ‘शोपेरो’ हा शब्द टाकून शोधून बघा. संप असेल तर टॅक्सी. नेपल्समध्ये ठरावीक मार्गांना बांधलेले दर आहेत, ते बसण्याआधी मागायचे.

पॉम्पेईचं तिकीट घरूनच काढलेलं असावं. नोव्हेंबर २०२४पासून दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, त्यामुळे ओळखपत्र जवळ हवं. काही जहाजांवर पासपोर्ट जमा करून घेतात. अशा वेळी छायाप्रत आणि जहाजाचं कार्ड खिशात ठेवा. मोठ्या सॅक आत नेऊ देत नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, म्हणजे गर्दी किती ते सांगायला नको. आत सावली फार थोडी, फरशी काळ्या ओबडधोबड दगडांची. चपला घालून गेलेली मंडळी फोरमपर्यंतच टिकतात. टोपी, बूट, पाण्याची बाटली. बाटली आतल्या नळांवर भरता येते.

पोर्ता मरीनाने शिरून फोरम, तिथून मुख्य बाजाररस्ता धरून पूर्वेकडे चालत राहायचं. उजव्या हाताला ओट्यात मडकी बसवलेलं एक खाण्याचं दुकान लागतं, भिंतीवर देवघराचं सुंदर चित्र असलेलं. वेतुतियस प्लाचिदसचं हे दुकान बहुतेक गाइड दाखवतात. ज्या घरात आपली बाई सापडली ते त्याच रांगेत, दोन-तीन दारं सोडून आहे. नकाशात ‘विभाग १, वस्ती ८, दार ५’. तिथे थांबायला कुणी सांगत नाही. तुम्ही थांबा.

परतताना गारिबाल्दीहून लाइन २ने एकच स्टेशन, पियात्सा कावूर. संग्रहालय तिथे लागूनच. मूर्ती ठेवली जाते ती ‘गुप्त कक्षा’त. पॉम्पेईतली शृंगारिक चित्रं आणि वस्तू एकेकाळी कुलपात असत, तो हा कक्ष. सर्वांसाठी खुला झाला २०००मध्ये. लहान मुलांना एकट्याने सोडत नाहीत, आणि कर्मचारी कमी असले की काही दालनं बंद ठेवतात, म्हणून आत शिरतानाच चौकशी करावी. सासू-सासऱ्यांबरोबर त्या कक्षात जाणं थोडं अवघड होतं. एकेकट्याने जाऊन यावं.

संग्रहालय मंगळवारी बंद असतं. कापडाची सुरकुती न् सुरकुती संगमरवरात उतरवलेला ‘बुरख्याआडचा ख्रिस्त’ ज्या सान्सेव्हेरो चॅपेलमध्ये आहे, तेही मंगळवारी बंद. क्रूझचं बुकिंग करताना केबिनला बाल्कनी आहे का हे सगळे विचारतात; नेपल्सला कोणत्या वारी पोचणार हे विचारणारा मला अजून भेटायचा आहे. उलट दिशेनेही हेच होतं. मुंबईच्या बॅलार्ड पियरला सोमवारी उतरणारे परदेशी प्रवासी घारापुरीची लेणी बघायला निघतात आणि लेणी सोमवारी बंद असतात.

मग जहाजाचीच सहल घ्यावी का? महाग असते, चाळीस जणांमागे छत्री धरलेला गाइड असतो, दुकानात थांबवतात. पण एक गोष्ट तिच्या बाजूची आहे : जहाजाची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं. स्वतःच्या हिमतीने गेलेल्यांसाठी थांबत नाही. धावत धक्क्यावर येणाऱ्या जोडप्यांना वरच्या डेकवरून टाळ्या वाजवून निरोप देण्याचा खेळ क्रूझवर फार लोकप्रिय आहे, आणि तो बघायला जितका मजेशीर तितकाच खाली उभं राहून अनुभवायला महाग. बंदरावरच्या एजंटाचा फोन रोजच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. उतरण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, कारण काही मार्गांवर जहाजाची आणि गावाची वेळ वेगळी असते. रोम, फ्लॉरेन्ससारख्या लांबच्या शहरांना जहाजाची सहल परवडते असं माझं मत. नेपल्सला गरज नाही.

गुडघे दुखणारे आई-बाबा सोबत असतील, तर पॉम्पेईचं अँफिथिएटरकडचं दार वापरा. तिथून चाकाच्या खुर्चीला जमेल असा तीनेक किलोमीटरचा मार्ग आखलेला आहे. तेही नको असेल तर त्यांना जहाजासमोरच्या भागातच फिरवा. उंबेर्तो गॅलरीचं काचेचं छत, १७३७चं सान कार्लो ऑपेरागृह, जवळच जुनं गाम्ब्रिनुस कॅफे. बसायला जागा आहे, बघायला माणसं आहेत. सगळ्यांनी एकत्रच गेलं पाहिजे असा हट्ट धरून दोन्ही पिढ्यांचा दिवस नासू नये.

खाण्याचं थोडक्यात. शाकाहारी माणूस मार्गेरिता पिझ्झावर सुखाने जगतो. ‘मरिनारा’ मागायला घाबरू नका, तीत मासा नसतो. टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, बस. जैन मंडळींनी मात्र लसणामुळे टाळावी. तळलेल्या पिझ्झाच्या पोटात बहुधा डुकराचं मांस असतं, आणि ‘स्फोल्यातेल्ला’ या पापुद्र्याच्या गोड पदार्थात पारंपरिक पद्धतीने चरबी घालतात. दाखवून विचारल्याशिवाय घेऊ नये.

व्हिसाबद्दल एकच : नेपल्स, बार्सिलोना, मार्सेय, माल्टा हे सगळं शेंगेनमध्ये येतं, पण फेरीत तुर्की किंवा ट्युनिशियाचं बंदर असेल तर परत आत येण्यासाठी एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. एजंटाला हे लेखी विचारा.

आणि जमलं तर निघण्याआधी एक रविवार तेरला जाऊन या. धाराशिवपासून ते फार लांब नाही. रामलिंगप्पा लामतुरे या एका माणसाने आयुष्यभर गावातून वेचलेल्या वस्तूंचं ते संग्रहालय आहे, आणि तिथली हस्तिदंती बाई नीट पाहिलेली असेल, तर नेपल्समधलीला ओळखायला पाटी वाचावी लागत नाही.